आठ हजार रुपये आणि भरलेलं कपाट

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३७, घर भुसावळला, दहा वर्षांनी पुन्हा नोकरी. १ जुलैपासून जळगावच्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसायचंय. आठवड्यातून दोन दिवस साडी, बाकीचे दिवस ड्रेस चालतो. कपाट गच्च आहे, पण त्यात एक तर लग्नाकार्यातल्या साड्या, नाही तर दोन बाळंतपणांच्या आधीचे कुर्ते. चपलेसकट सगळं ८००० रुपयांत बसवायचंय. शिवाय आईची एक जांभळी सुती साडी आहे, तिचा कुर्ता शिवून घ्यावा का?

मी जळगावात २६ वर्षं शिलाईचं दुकान चालवते. "कपाट भरेल शे, तरी घालाले काही नही" हे वाक्य माझ्या दुकानात दिवसाआड ऐकू येतं, आणि म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. कपडे असतात, अंगाला होणारे नसतात. म्हणून आठ हजारांतला पहिला रुपया नव्या कपड्यावर घालू नका, उसवणीवर घाला. पर्समध्ये पैसे घेऊन आधी जळगावच्या फुले मार्केटात गेलात, तर संध्याकाळी पाच पिशव्या घेऊन परत याल, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परत तेच वाक्य म्हणाल.

मुलं शाळेत गेली की एका दुपारी सगळं बाहेर काढा. आवडतं, नावडतं असे ढीग करू नका. त्यातून आठवणी निघतात आणि दुपार तिथंच संपते. प्रत्येक कुर्ता अंगात घालून दोनच गोष्टी करून बघा. हात वर करून दाराची वरची चौकट धरा, कारण रोज सकाळी गाडीत तुम्हाला असंच उभं राहायचंय. मग खुर्चीवर बसा आणि वाकून जमिनीवरचं पेन उचला. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास झालेला कुर्ता कमरेत, नितंबांत घट्ट आहे. तो दुरुस्त होतो. दोन्हीत पास झालेला तसाच ठेवा, मग तो किती का जुना असेना.

हात वर केल्यावर सबंध कुर्ताच वर येतो, पोट उघडं पडतं, ही तक्रार वेगळी. बायकांना वाटतं, जाड झालो म्हणून असं होतंय. बऱ्याचदा दोष मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाचा असतो. तयार कुर्त्यांत एकच माप दहा जणींना बसावं म्हणून मुंढा खाली ओढलेला असतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही बाजूच्या शिलाईला ओढते. इथं सैल कुर्ता घेऊन काही होत नाही, उलट मुंढा आणखी खाली जातो. बगलेत तीन-साडेतीन इंचाचा चौकोनी तुकडा तिरका बसवला की हात मोकळा होतो. तुकडा त्याच कुर्त्याच्या ओढणीतून काढायचा. ओढणी तशीही काउंटरवर ड्रॉवरमध्ये अडकणारच आहे.

आता घट्ट कुर्त्यांकडे येऊ. कुर्ता उलटा करा आणि बाजूच्या शिलाईच्या आत किती कापड सोडलंय ते बघा. शिंप्याकडे शिवलेला असेल तर बहुतेक एक इंच, चांगल्या शिंप्याकडचा असेल तर दीड. तयार असेल तर जेमतेम पाव-अर्धा इंच, तेही ओव्हरलॉकने खाल्लेलं. हिशोब सोपा आहे. पुढचा भाग, मागचा भाग, डावी बाजू, उजवी बाजू अशा चार कडा असतात. प्रत्येक कडेला पाऊण इंच मिळालं तर घेरात तीन इंच वाढतात. बाळंतपणानंतरच्या अंगाला पुष्कळदा एवढंच हवं असतं. उसवण्याआधी एक बघून घ्या: आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद असतं, कारण त्यानं ऊन पाहिलेलं नसतं. शिलाई सोडली की बगलेपासून खालपर्यंत गडद पट्टा दिसतो. बारीक छापाच्या कुर्त्यात तो लपतो, एकरंगी कुर्त्यात ओरडून सांगतो. एकरंगी असेल तर मी त्या जागी दुसऱ्या रंगाची उभी पट्टी घालते, मुद्दाम केल्यासारखी, आणि तोच रंग बाहीच्या टोकाला लावते. मग ती दुरुस्ती वाटत नाही.

खांदा मात्र दुरुस्तीच्या पलीकडचा. खांदा उतरत असेल तर आत घेता येतो. खांद्यातच कापड कमी असेल तर तो कुर्ता भाचीला देऊन टाका, त्यावर शिलाईचा एक रुपयाही घालू नका. "बारीक झाले की घालेन" म्हणून ठेवलेल्या कपड्यांबद्दल मी काही बोलत नाही. माझ्याही कपाटात तसे दोन आहेत.

माझ्याकडचे दर सांगते, भुसावळला दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतील. बाजू सोडवणं ७० रुपये, बगलेत तुकडा १००, पट्टी घालून घेर वाढवणं १५० ते २००, लांबी कमी करणं ५०. तुमच्यासारख्या कपाटातून सहसा आठ-दहा कुर्ते असे वाचतात. १२०० रुपये धरा. नव्या दोन कुर्त्यांच्या पैशांत आठ मिळाले.

हे सगळं करण्याआधी एक खरेदी मात्र करा, कारण बाकीची सगळी मापं तिच्यावर उभी असतात. ती म्हणजे आतले कपडे. कुणी उघड बोलत नाही, शिंपी पुरुष असेल तर तो तर नाहीच नाही. ढिला पट्टा आणि विटलेलं इलॅस्टिक घालून माप दिलं की छातीचे टक्स एक-दीड इंच खाली पडतात. मग नवा ब्लाउज घातल्यावर वाटतं, शिंपिणीनं बिघडवला. दुकानात मापाची टेप मागा आणि नेहमीचा नंबर सांगण्याआधी माप घ्या. दहा वर्षांपूर्वीचा नंबर आता नसतो. चांगल्या सुती तीन जोड्या आणि एक सुती परकर, ९०० रुपये. दिसणार नाहीत, पण फरक यांनीच पडतो. मापं द्यायला याल तेव्हा यातलंच घालून या.

आता नवं काय घ्यायचं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी काय सांगू, मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. तुम्ही जुलैत लागताय, म्हणून पावसाचा विचार करून खरेदी कराल आणि मार्चमध्ये रडाल. सुरतेचा माल घरोघरी येतो, साडेतीनशेला साडी, चारशेला कुर्ता सेट. रेल्वेने अमळनेर, नंदुरबार करत सुरत आपल्याला इतकी जवळ की अर्ध्या खानदेशाचा बस्ता तिथूनच येतो. मी त्या मालाला नावं ठेवत नाही. पावसाळ्यात जॉर्जेटचा कुर्ता रात्री धुतला की सकाळी वाळतो आणि इस्त्रीही लागत नाही. तुमच्या कपाटात असे दोन-तीन असणारच, ते जुलै-ऑगस्टला काढा. पण रोजचे आठ तास बंद काउंटरमागं पॉलिएस्टर घालून काढायचे, तेही एप्रिलमध्ये, ही शिक्षा आहे.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणतो तेव्हा त्यावर विसंबू नका. कापडाच्या कडेचे दोन धागे मागा, एक उभा आणि एक आडवा. दोन्ही लागतात, कारण मिश्र कापडात कधी ताणा म्हणजे उभा धागा सुती आणि बाणा म्हणजे आडवा धागा पॉलिएस्टर असतो. घरी काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राख चिमटीत उडून जाते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी राहतो. पण इथं एक फसगत आहे. रेयॉनही कागदासारखंच जळतं, आणि आज बाजारात "कॉटन" म्हणून खपणारं पुष्कळसं मऊ, लोंबणारं कापड रेयॉन असतं. ते ओळखायचं असेल तर धागा जिभेवर ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की दुबळं होतं, पटकन तुटतं. सूत ओलं झालं की उलट बळकट होतं. रेयॉनचे कुर्ते मोरीत पिळून-पिळून सहा महिन्यांत बेढब का होतात, ते यातच आलं.

माझे सासरे जळगावच्या खानदेश मिलमध्ये होते. त्यांना धागा पेटवावा लागत नसे, ते कापड अंगठा आणि तर्जनीत चोळून सांगत. मिल बंद पडली, अमळनेरची प्रताप मिलही तशीच गेली. कापूस आपल्या काळ्या मातीत पिकतो आणि कापड मालेगाव, बऱ्हाणपूर, सुरतेहून येतं. असो. चोळून बघायची सवय मात्र लावून घ्या. खळीनं कडक केलेलं पातळ कापड चोळलं की बोटाला पांढरी भुकटी लागते. पहिल्या धुण्यात त्याची मच्छरदाणी होते.

माझं मत म्हणाल तर तयार कुर्ते घेऊ नका, कापड घ्या. केंब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं मऊ सुती कापड, किंवा बऱ्यापैकी अंगाचं छापील कॉटन १५०-१६० रुपये मीटरने मिळतं. ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर घेतलं की तीन-चतुर्थांश बाहीचा कुर्ता आरामात होतो. कापड ४००, शिलाई ३५०, म्हणजे ७५० चा कुर्ता. दुकानात तेवढ्यालाच तयार मिळतो, हे खरं. पण शिवलेल्यात मुंढा तुमच्या हाताचा, आत दीड इंच कापड सोडलेलं, आणि उजव्या बाजूला खिसा. खिसा सांगायला विसरू नका. गाडीचा पास, मोबाइल आणि काउंटरची किल्ली एवढं त्यात राहतं, सारखी पर्स उघडावी लागत नाही. असे तीन कुर्ते शिवा, २२५० रुपये. तीनच. दुरुस्त केलेले आठ आहेतच.

कटपीसच्या दुकानात शिरलात तर दोन मीटरचे तुकडे स्वस्तात दिसतील. आधी मापून घ्या, तुकड्यावर लिहिलेलं आणि खरं यांत फरक पडतो. मग उजेडात धरून आडवा दोष बघा. आडवा बाणा सुटलेला असेल तर तो नेमका छातीवर येतो. माझ्या नशिबात तरी नेहमी तिथंच आला.

कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. मीटरमागं तीन-चार सेंटिमीटर जाणं काही विशेष नाही. अस्तर असेल तर तेही वेगळं भिजवा. अस्तर जास्त आटतं, आणि मग बाहेरून चांगला दिसणारा कुर्ता आतून ओढल्यासारखा सुरकुततो. त्या वेळी आम्हाला शिव्या बसतात. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं आपण सगळ्याच सांगतो, मीही पूर्वी सांगायचे. कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही, फक्त किती जातोय ते कळतं. त्यापेक्षा दुकानातच ओला पांढरा रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर दहा वेळा घासा. रुमाल रंगला तर ते कापड क्रीम पँटवर घालता येणार नाही, एवढं समजून घ्या.

रंगांवर फार मोठं काही सांगायचं नाही. आपल्याकडे सावळ्या मुलीला लहानपणापासून "हा रंग तुला शोभत नाही" म्हणून राखाडी आणि बदामीत गुंडाळतात. तो मूर्खपणा आहे. डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली हे रंग सावळ्या अंगावर जितके खुलतात तितके गोऱ्या अंगावर नाही. ट्यूबलाइटखाली मात्र रंग ठरवू नका. ताग्याचं टोक धरून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत या आणि उजेडात गळ्याशी धरा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या.

खालच्या पँटचे रंग आधी ठरवा, मग कुर्त्यांचे. दोनच पँट घ्या, एक काळी किंवा गर्द निळी आणि एक क्रीम. पँट तयार घेतल्या तरी चालतील, लायक्रा किंचित मिसळलेल्या सुती, दोन्ही मिळून ९००. नवा प्रत्येक कुर्ता या दोन्हींवर गेला पाहिजे. एकीवरच जाणारा कुर्ता कितीही आवडला तरी ठेवून द्या. जुन्यांपैकी जे कुर्ते या दोन्ही पँटवर जात नाहीत, ते ढिगातून आपोआप मागं पडतील. अगदी पांढरी पँट नको. आपल्या मातीत आणि पाण्यात ती दिवाळीपर्यंत पिवळी पडते.

पाण्याचा हा मुद्दा बजेटमध्ये कुणी धरत नाही, पण कपडे यानंच मरतात. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण बोअरवर धुतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी फेस देत नाही. तिचा चिकट साका धाग्यांत बसतो, कापड खरखरीत होतं, रंग राखाडी पडतो. मग बाई आणखी साबण घालते आणि साका आणखी वाढतो. वडी सोडून पावडर किंवा पातळ डिटर्जंट वापरा, त्याचा असा साका होत नाही. नळाचं पाणी येईल त्या दिवशी एक बादली फक्त शेवटी खळबळून काढायला राखून ठेवा. नळाचं नसेलच तर शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाका, वास राहत नाही. कुर्ते उलटे करून सावलीत वाळवा. भुसावळच्या गच्चीवर एप्रिलमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत पडलेला गर्द कुर्ता एका उन्हाळ्यात दोन वर्षांनी म्हातारा होतो.

इस्त्रीचाही हिशोब करा. माझ्या गल्लीत एका नगाला १० रुपये घेतात. रोजचा कुर्ता-पँट म्हणजे २० रुपये, महिन्याला पाचशे. लिनन छान दिसतं, पण ते घडी मोडल्याबरोबर चुरगळतं आणि गाडीतून उतरेपर्यंत रात्री झोपून उठल्यासारखं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षात लिनन नको. बारीक छापाचं कॉटन वाळताना हातानं ताणून, दांडीवर नीट टाकलं तर निम्म्या वेळा इस्त्रीशिवाय खपतं. बारीक छाप सुरकुत्याही लपवतो आणि शाईचे डागही. मळखाऊ रंग हा शब्द आपल्या आज्यांनी उगाच काढलेला नाही.

साडीचे दोन दिवस. साड्या तुमच्याकडे पुष्कळ आहेत, नवी एकही घेऊ नका. अडचण ब्लाउजची आहे. जुने ब्लाउज घेऊन या. शिंप्याकडच्या ब्लाउजात बाजूला सोडलेलं कापड असतं, दोन इंचांपर्यंत निघू शकतं. पण बाही दंडात घट्ट झाली असेल तर तिथं बहुतेक काही नसतं. मग बाहीच्या आतल्या शिलाईत काठाची पट्टी घालून काम भागतं. तेही होत नसेल तर दोनच नवे सुती ब्लाउज शिवा, एक काळा आणि एक अशा रंगाचा की जो तुमच्या निम्म्या साड्यांत कुठेतरी दिसतो. प्रत्येक साडीला तिचाच ब्लाउज हा हट्ट लग्नात ठीक, काउंटरवर नाही. मीटरभर कापड १००, साधी शिलाई ३००, दोघांचे ८०० रुपये. हल्ली मिळणारे ताणणारे तयार ब्लाउज सगळ्या मापांना बसतात, हे कबूल. पण मेमध्ये त्यांत घाम अडकतो आणि बगलेत पुरळ उठतं. हे मी गिऱ्हाइकांच्या तोंडून नाही, स्वतःच्या अंगावरून सांगतेय.

लग्नातल्या जरीच्या साड्या पतसंस्थेत नेसू नका, पण हलक्या काठाची एखादी सुती-रेशमी असेल तर ती चालेल. नेसताना पदराला दोन पिना, एक खांद्यावर आणि एक आतून ब्लाउजच्या बाजूच्या शिलाईला. काउंटरवर वाकून पावत्या देताना पदर सरकत नाही.

चप्पल १००० रुपयांपर्यंत, मागून पट्टा असलेली आणि रबरी तळाची. पावसाळ्यात फलाटावर गुळगुळीत तळ म्हणजे हातपाय मोडून घेणं. चामड्याची जुलैत घेऊच नका. पर्स आहे तीच. दागिन्यांबद्दल सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावात बसून सल्ला देणं म्हणजे उपवासाच्या दिवशी भरिताची पंगत मांडणं. रोकड मोजणाऱ्या हातात चार सोन्याच्या बांगड्या नकोत, एवढंच.

बेरीज अशी होते: दुरुस्ती १२००, आतले कपडे ९००, तीन कुर्ते २२५०, दोन पँट ९००, दोन ब्लाउज ८००, चप्पल १०००. एकूण ७०५०. उरलेल्या ९५० ला दिवाळीपर्यंत हात लावू नका. दोन-तीन महिने ऑफिसात काढल्यावर काय कमी पडतंय ते कळेल. पंख्याखाली थंडी वाजतेय म्हणून एखादं जॅकेट हवंय, की चौथा कुर्ता, की काहीच नको, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. २५०० च्या वरचा एकही कपडा तुमच्या यादीत नाही, ते बरंच झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८.

वेळ मात्र तुम्ही चांगली गाठलीत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या मध्यापर्यंत लग्नाच्या ब्लाउजांखाली आम्ही गाडलेल्या असतो, तेव्हा उसवणीचं काम आणलं तर तोंडावर हो म्हणतो आणि पिशवी मशीनखाली महिनाभर पडते. आता चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, कापडाच्या दुकानांतही भाव करता येतो. श्रावणात कानबाई या आपल्या खानदेशी देवीच्या सणाची तयारी सुरू होईल, त्याच्या आत आणा.

आता आईची जांभळी साडी. तुमच्या सगळ्या प्रश्नात हीच एक गोष्ट अशी आहे की चुकली तर परत मिळत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तिच्या आईची हिरवी इरकल घेऊन आली होती. दुकानात गर्दी होती. मी माप घेतलं, तिच्यादेखतच कात्री चालवली, चार दिवसांत ड्रेस दिला. सुंदर झाला होता. पहिल्या धुण्यात पाठीवर तीन आडव्या रेघांत कापड फाटलं, अगदी पट्टी ठेवून कापल्यासारखं. साडी वीस वर्षं त्याच घड्यांत ट्रंकेत होती आणि घडीवर विरली होती. मी ती उजेडात धरून बघितलीच नव्हती. ती मला काही बोलली नाही. कातरलेले तुकडेसुद्धा मागून घेतले, घडी करून पिशवीत ठेवले आणि गेली. त्यानंतर कुणाच्याही आईच्या साडीला मी आठ दिवस कात्री लावत नाही.

तुम्ही घरी हे करा. साडी पूर्ण उलगडा, खिडकीत आडवी धरा. घडीच्या रेघांतून उजेड जास्त येतोय का बघा. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून हळू ओढा. 'चर्र' असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले तर कुर्ता विसरा, ती साडी अधूनमधून नेसा, घड्या बदलून ठेवा, किंवा जुन्या पद्धतीने गोधडीच्या आत जाऊ द्या. कापड टिकलं असेल तर फॉल उसवून साडी एकदा धुवा. फॉल आटलेला असतो, त्यानं काठाला चुण्या पडतात. त्या इस्त्रीनं सपाट होतात का तेही कळेल.

टिकलं तर कापायचं कसं, ते शिंप्याला नीट सांगा, कारण पुष्कळ जण ताग्यातल्या कापडासारखी साडी कापतात आणि काठ बाजूच्या शिलाईत घालवतात. साडीचा पन्हा ४४-४५ इंच असतो. तोच कुर्त्याच्या उंचीत लावायचा, म्हणजे खालचा काठ आपोआप घेराला येतो आणि ४२ इंचांचा कुर्ता निघतो. पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी, प्रत्येकी २६ इंच, आणि बाह्यांना अर्धा मीटर. दोन मीटरच्या आत कुर्ता होतो. फक्त असं कापल्यावर साडीचा ताणा अंगाभोवती आडवा येतो, आणि ताण्याच्या दिशेनं कापड कमी देतं. म्हणून छातीत आणि घेरात नेहमीपेक्षा एक इंच जास्त ठेवायला सांगा. न सांगता केलेला कुर्ता मापात असूनही बसल्यावर काचतो.

कुर्ता पदराकडून कापायचा नाही आणि आत खोचायच्या टोकाकडूनही नाही. खांद्यावर पिनांची भोकं असतात, खोचलेला भाग घासून गेलेला असतो. मधला निऱ्यांचा भाग सगळ्यात धड असतो, तिथून दोन मीटर घ्या. पदराचं टोक साबूत राहतं, त्यातून ओढणी निघते. ती कापायची की तशीच घडी करून ठेवायची, ते आईला विचारा. आई आहेत ना? प्रश्नात तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर साडी घेऊन सरळ दुकानात या, मी आधी नुसती बघते, कात्री लांब ठेवून.